जुलैत धबधबा बघा, डोहात दिवाळीनंतर उतरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूर-इचलकरंजीचे सात जण, विशी-पंचविशीतले, सगळे लहानपणापासून विहिरीत पोहणारे. जुलैतल्या एखाद्या शनिवार-रविवारी डोंगरात चालत जाऊन धबधब्याखालच्या डोहात पोहायचंय. जागा कुठल्या, जायचं कसं, सोबत काय घ्यायचं?

उत्तराचा पहिला भाग तुम्हाला आवडणार नाही, म्हणून तो आधीच उरकतो. जुलैत जरूर जा, पण पाण्यात उतरायला नको. डोहात पोहायचं तर दिवाळी होऊ द्या. गेली बावीस-तेवीस वर्षं मी राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा या पट्ट्यात माणसं घेऊन फिरतोय आणि पाण्याचा नाद मलाही तुमच्यासारखा विहिरीतच लागला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून थोरल्या चुलत्यांनी ढकलून दिलं होतं. तेव्हा भित्र्या माणसाचा सल्ला म्हणून हे सोडून देऊ नका.

विहिरीत शिकलेल्या माणसाच्या अंगात एक खात्री मुरलेली असते. पाणी काल होतं तेवढंच आहे, काठ ओळखीचा आहे, दमलो तर पायरी धरायची. डोंगरातल्या डोहात यातलं काहीच धरून चालता येत नाही. तिथलं पाणी तिथं पडलेलंच नसतं. ते वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, दोन-तीन किलोमीटर मागं, अर्ध्या-पाऊण तासापूर्वी पडलेलं असतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं म्हणून काही ठरत नाही.

हिशेबच करून बघा. एक चौरस किलोमीटरचा सडा धरा. आपल्याकडच्या बऱ्यापैकी ओढ्याला एवढं पाणलोट सहज असतं. जुलैत तो जांभा पाणी पिऊन तट्ट झालेला असतो, वरून पडेल त्यातलं बहुतेक पुढं ढकलतो. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एवढ्याशा सड्यावर ५ कोटी लिटर पाणी पडलं. तेवढ्याच वेळात ते ओढ्यातून खाली आलं तर सेकंदाला जवळजवळ १४,००० लिटर. गल्लीत येतो तो १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा आणि दर सेकंदाला तसला दीड टँकर आपल्या अंगावर रिकामा होतोय असं समजा. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीत तो ७,००० च्या घरात जातो, आणि गगनबावडाही काही फार मागं नाही. रंकाळ्यावर कोवळं ऊन बघून निघालेल्या माणसाला दीड तासाच्या अंतरावर काय चाललंय याचा पत्ता नसतो.

आणि हे फक्त जुलैचं नाही. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरचा मधला आठवडा, गगनबावड्याच्या बाजूची एक घळ. आम्ही नऊ जण होतो. लख्ख ऊन, डोह काचेसारखा, तळातले गोटे मोजावेत असा. डोहाकाठी पोचलो की मी आधी एक काम करतो: पाणी जिथं खडकाला टेकतं तिथं, बरोबर काठावर, चिरेत एक काडी खोचून ठेवतो. त्या दिवशीही खोचली होती. दीडच्या सुमाराला भाकरी-खर्डा सोडून बसलो, तोच वरच्या अंगाला एक म्हातारे धनगर गुरं वळवत उभे राहिलेले दिसले. हात हलवत होते.

"ओ पाव्हणं! निघा तिथनं! वर ढग बसलाय!"

मी खालून ओरडलो, "मामा, ऊन पडलंय की चक्क!"

"ऊन तुमच्यात पडलंय. पाऊस तिकडं पडाय लागलाय!"

मी काडीकडं बघितलं. काडीचं बूड पाण्यात गेलं होतं. दोन बोटं, जास्त नाही. पोरं म्हणाली, लाटेनं भिजली असेल. मग धारेतून वाळका पाला यायला लागला, आधी सुटा सुटा, नंतर घोळक्यानं. काठाला पिवळसर फेस धरला. पाण्याला मातीचा वास आला आणि बघता बघता डोह बिनदुधाच्या चहाच्या रंगाचा झाला. सामान गोळा करायला मी दिलंच नाही, सगळ्यांना हाताला लागेल तिथून वर चढवलं. सातआठ मिनिटं लागली असतील. वर पोचून मागं वळून बघतोय तर ज्या खडकावर भाकऱ्या सोडल्या होत्या तो खडक नव्हताच. दोन सॅक आणि तीन जोड बूट गेले. मामा शांतपणे तंबाखू मळत होते. मला एवढंच म्हणाले, "दुपारच्याला घळीत बसू नये बाबा." तेव्हापासून ऑक्टोबरात मी साडेबाराच्या पुढं कुणालाही घळीत राहू देत नाही. परतीचा पाऊस सकाळी झोपतो, दुपारी उठतो.

तर पाण्याची भाषा ती एवढीच: काडी बुडाली, पाला आला, फेस आला, रंग बदलला, आवाज जड झाला. यातलं पहिलं दिसलं की निघायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही. आणि निघायचं म्हणजे काठाला धरून खाली चालत सुटायचं नाही, उभं वर चढायचं. पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं.

३० जून २०२४ चा लोणावळ्याचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. भुशी धरणाच्या मागच्या अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी होती. पाच जीव गेले. लोक बघून म्हणतात, पाणी एवढं असताना आत कशाला गेले? ते गेले तेव्हा पाणी एवढं नव्हतं, गोम तिथंच आहे. पाण्यातल्या खडकावर बसायचं असेल तर काठाला लागून असलेल्याच खडकावर बसा. ज्याच्या दोन्ही अंगांनी धार वाहते, तो खडक आपला नव्हे.

अशीच एक गोष्ट धरणाखालच्या पात्राची. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की माणसानं हात न लावता उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे सेकंदाला ४०,००० लिटर. बातमीत "तिसरा दरवाजा उघडला" असं वाचून आपण चहा पितो, पण खाली भोगावतीच्या पात्रात त्याच वेळी कुणीतरी गुडघाभर पाण्यात सेल्फी काढत असतं. जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही धरणाखालच्या डोहात उतरायचं नाही, मग वरून थेंबही पडत नसला तरी.

आता डोह आतून कसा असतो ते बघू, कारण विहीरवाल्यांची खरी चूक तिथं होते. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे, साडेसहा कोटी वर्षांमागचा. सगळे थर सारखे टणक नाहीत. वर घट्ट काळा पाषाण आणि खाली सच्छिद्र, मऊ थर असला की पडणारं पाणी खालचा थर कोरत जातं. त्यामुळं धारेच्या बुडाशी डोह सगळ्यात खोल असतो आणि खडकाच्या पोटात कपार होते. बाहेर पडताना पाण्याचा जोर ओसरतो, तिथं ते गोटे-वाळू टाकतं, म्हणून खालच्या तोंडाशी उथळ पट्टा. आपण अर्थातच या उथळ बाजूनं उतरतो. दोन पावलं गुडघाभर, चौथं कमरेला, आणि पाचव्याला तळ नाही. न पोहणारा माणूस बुडतो तो बहुतेक इथंच, धबधब्यापासून लांब, "मी आपला काठालाच आहे" म्हणता म्हणता.

पोहणाऱ्याचा घात दुसरीकडं होतो. धारेखालचं पांढरं पाणी दिसतं पाण्यासारखं, पण त्यात निम्मा मामला हवेचा. ते शरीराला उचलून धरत नाही. हात मारला तर हाताला पाणी लागत नाही, हवा लागते. शिवाय धार खाली जाते, तळाला आपटून पुढं वर येते, आणि पृष्ठभागावरचं पाणी परत धारेकडं ओढलं जातं. विहिरीत तास तास तरंगणारा गडी इथं दोन मिनिटांत दमतो, कारण तो काठाकडं सरळ पोहत असतो आणि पाणी त्याला मागं नेत असतं. कधी सापडलातच, तर ओढीशी समोरासमोर झगडायचं नाही. आडवं, बाजूच्या भिंतीकडं निघायचं. धारेपासून निदान तिच्या उंचीइतकं लांब राहायचं असा माझा आपला नियम आहे, पुस्तकी नाही.

रांजणखळग्यांचंही सांगून ठेवतो. खडकाच्या खोबणीत अडकलेले गोटे पाण्याबरोबर गरगर फिरून गोल भोकं पाडतात. निघोजला कुकडीच्या पात्रात लोक ती मुद्दाम बघायला जातात. तसली छोटी छोटी आपल्या प्रत्येक ओढ्यात आहेत. फेसाळ पाण्याखाली ती दिसत नाहीत. त्यात पाय गेला आणि मागून पाण्यानं ढकललं की नडगी मोडते. म्हणून जोराच्या पाण्यात गुडघ्याच्या वर गेलात की चालणं बंद. पाण्यानं नेलंच तर उभं राहायची धडपड करायची नाही. उताणं व्हायचं, पाय पुढं, पाण्याच्या दिशेला, तळवे पाण्याच्या वर, आणि हातांनी वल्हवत तिरकं काठाला लागायचं.

इथं विषयाला सोडून एक गोष्ट, पण आपल्या जिल्ह्यात ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोंगरातल्या डोहाला भिणारी पोरं गावाकडच्या बंधाऱ्यावर बिनधास्त उड्या टाकतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले की पाणी वरून सबंध रुंदीभर सांडतं. खाली तोच भोवरा तयार होतो जो धबधब्याखाली असतो, फक्त या काठापासून त्या काठापर्यंत सलग. बाजूनं निसटायला वाटच नाही. दिसायला किती साधं, चार-पाच फुटांवरून पडणारं पाणी! मला विचाराल तर भर पावसातल्या राऊतवाडीपेक्षा मी त्या शांत दिसणाऱ्या बंधाऱ्याला जास्त भितो.

उड्यांबद्दल. तीन मीटरवरून उडी मारली तर पाण्याला लागताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो, पाच मीटरवरून ३५, दहा मीटरवरून ५०. विहिरीच्या काठावरून मुटका मारणाऱ्याला हे आकडे काही विशेष वाटणार नाहीत, कारण विहिरीचा तळ त्याला ठाऊक असतो. डोहाचा तळ दर पावसाळ्यात बदलतो. मी स्वतः एका डोहात सलग चार वर्षं त्याच खडकावरून सूर मारायचो. पाचव्या वर्षी नशिबानं आधी पाय सोडून उडी घेतली. पावसाळ्यात वरून दरड आली होती आणि डोह निम्म्यावर भरला होता. टाच फुटली, दीड महिना घरात. सूर मारला असता तर हे लिहायला मी राहिलो नसतो. आता मी आधी उतरतो, बुडी मारून तळ हातानं चाचपतो, काठी फिरवतो, पडलेलं झाडाचं खोड कुठं अडकलंय का बघतो आणि मगच इतरांना मोकळीक देतो. डोकं खाली घालून सूर मात्र कुणालाच नाही, कितीही खोल असो.

आता जागा. जुलैत निघणारच असाल तर बघण्याजोगं पुष्कळ आहे. राधानगरीजवळचा राऊतवाडी धबधबा गाडीरस्त्यापासून जवळ, त्यामुळं शनिवार-रविवारी जत्रा. मधल्या वारी सकाळी आठच्या आत पोचलात तर खरा धबधबा दिसेल. शाहूवाडी तालुक्यातला बर्की मला त्याहून आवडतो, कारण तिथं गावातून थोडं चालावं लागतं, आणि चालावं लागलं की निम्मी गर्दी आपोआप गळते. गगनबावड्याकडं जाताना पळसंबे इथं ओढ्याच्या घळीत अखंड दगडात कोरलेली रामलिंगची देवळं आहेत. भर पावसात झाडीतून येणारं पाणी त्या कोरीव दगडांच्या अंगाखांद्यावरून वाहताना बघणं हा वेगळाच अनुभव आहे. मात्र ते देवस्थान आहे. तिथं कपडे काढून पाण्यात उतरायचं नसतं, हे कुणी पाटी लावून सांगायची वेळ आणू नका. आजऱ्याजवळ हिरण्यकेशीवरचं रामतीर्थ घरच्या माणसांना घेऊन जायला उत्तम. काठावरून बघा, पावसाळ्यात पात्राच्या खडकांवर जाऊ नका. आजरा-आंबोली रस्त्यावरचा नांगरतास ही अरुंद, खोल घळ आहे. तिथं कठड्याच्या आत राहूनच बघायचं, यात दुसरं मत नाही. आंबोलीचा मोठा धबधबा आणि कावळेसादचा वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा सगळ्यांना माहीत आहेत. कावळेसादला कड्याच्या टोकाशी धुक्यात जमीन कुठं संपते ते कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा. करूळ घाट उतरून वैभववाडीच्या बाजूला नापणे आहे, तो बारमाही वाहतो, म्हणून हिवाळ्यातही हात हलवत परत यावं लागत नाही.

पावसाळ्यात यातल्या काही ठिकाणी बंदीचे आदेश निघतात. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा, आणि बंदी असेल तर मागच्या वाटेनं घुसू नका. दाजीपूर-राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय पाऊलच टाकायचं नाही. पावसाळ्यात ते बंद असतं. ते गव्यांचं घर आहे आणि कळपातून बाहेर पडलेला एकटा गवा समोर आला की तुमचं पोहणं कामाला येत नाही. थांबा, आवाज करू नका, त्याला वाट द्या आणि मागं सरका.

जुलैत चालण्याचीच हौस असेल तर माझं ऐका, पन्हाळा ते पावनखिंड करा. १६६० च्या जुलैत ज्या वाटेनं महाराज रातोरात विशाळगडाकडं निघाले, ती वाट मसाई पठारावरून जाते. दोन दिवस पाऊस, चिखल, धुकं आणि घोट्याएवढ्या पाण्याचे ओहोळ यांनी तुमची हौस पुरेपूर फिटेल. त्यातही ओढा गुडघ्याच्या वर गेला असेल तर बसा. आपल्या ओढ्यांची एक चांगली गोष्ट म्हणजे जसे चढतात तसे उतरतातही. तास-दोन तास दम धरला की बहुतेक वेळा वाट मोकळी होते. घाई करणाऱ्याला ओढा नेतो, बसलेल्याला नेत नाही.

पोहायचे डोह मात्र मी नावानं सांगणार नाही, क्षमा असावी. एकदोन जागांची नावं मीच उत्साहानं सांगितली होती. पुढच्या वर्षी तिथं बाटल्यांच्या काचा होत्या, आणि खालच्या वाडीचं पिण्याचं पाणी त्याच ओढ्याचं होतं. तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरात डोंगराकाठच्या कुठल्याही गावात जा, एखाद्या घरी चहा घ्या, आणि विचारा, "मामा, पोरं पोहतात तो डोह कुठला? आणि पोहत नाहीत तो कुठला?" दुसरा प्रश्न विसरू नका. प्रत्येक गावाला एक असा डोह असतो जिथं कुणी उतरत नाही. कारण म्हणून कुणी आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवतांचं, सांगेल, कुणी आणखी कशाचं. ऐकून हसू नका. त्या गोष्टीच्या तळाशी बहुतेक वेळा एक कपार आणि कुणाचं तरी गेलेलं पोर असतं.

व्हिडिओतल्या निळ्या पाण्याची अपेक्षाही सोडा. आपला दगड काळा, म्हणून आपला डोह हिरवट-काळा. थंडीत सकाळी नऊच्या आधी त्यावर उन्हाचा कवडसाही पडत नाही आणि पाणी हाडात शिरतं. एकदम उडी टाकू नका. आधी तोंड, मान, छाती भिजवा. वीस मिनिटं झाली की बाहेर या, अंग कोरडं करा, काहीतरी खा. ओठ निळे पडलेला, बोलताना अडखळणारा माणूस "मला काय झालं नाही" म्हणत असला तरी त्याला परत पाण्यात सोडू नका.

सामानात पैसे कमी आणि अक्कल जास्त लागते. पहिली वस्तू दोरी: १५-२० मीटर, पाण्यावर तरंगणारी. गावात वैरण बांधायला वापरतात ती सुती किंवा नायलॉनची नको, ती बुडते. पॉलिप्रॉपिलीनची हवी, दुकानदाराला तसं सांगा, आणि विकत घेतल्यावर घरच्या बादलीत एक तुकडा टाकून बघा. दोरीच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधायचा, झाकण घट्ट लावून, आत वाटीभर पाणी ठेवून. त्या पाण्याच्या वजनानं तो नीट फेकला जातो आणि बुडणाऱ्याला धरायलाही काहीतरी मिळतं. घरासमोर आठ-दहा वेळा फेकून सराव करा. लोक हसतील, हसू द्यात. लाइफ जॅकेट सातात निदान दोन तरी असावीत, आणि ती घालायची लाज वाटत असेल तर डोहात उतरायचं नाही. ट्रकची इनर ट्यूब मजेची आहे, पण ती सुटली की गेली. तिच्यावर भरवसा ठेवून न पोहणाऱ्याला आत नेऊ नका.

बुटांचा तळवा मऊ रबराचा, खोल खाचांचा. ओल्या खडकावर पाय टाकताना रंग बघा. जिथून पाणी जोरात वाहून गेलंय आणि खडक खरबरीत, फिकट दिसतोय तिथं पाय धरतो. जिथं पाण्याचा नुसता पापुद्रा आहे आणि काळी-हिरवी तुकतुकी आहे, तिथं बूट कुठल्याही कंपनीचा असो, तुम्ही बसणार. माझ्या बघण्यात हातपाय मोडण्याचे बहुतेक प्रकार असल्या दोन इंच पाण्यातले आहेत, डोहातले नाहीत.

जळवा लागणारच. आंबोलीत तर मोजायच्याही भानगडीत पडू नका. ओढून उपटू नका, नखानं बाजूनं सरकवा. ओल्या पायात उघडी जखम असेल तर डोहात उतरू नका, आणि परत आल्यावर पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना "मी डोंगरातल्या पाण्यात पोहलो होतो" हे स्वतःहून सांगा. लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार त्यांना वेळेत सुचायला हवा.

आता नको असलेला पण लागणारा भाग. कुणी बुडताना दिसला तर पहिली उडी तुमची नसते. आधी काठी पुढं करा, मग दोरी फेका. पोहून जायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही अंगात लाइफ जॅकेट आणि सोबत दोरी असेल तरच. घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. हाताला हात धरून साखळी करणं पडद्यावर छान दिसतं. ओढ्यात मधला एक घसरला की सगळी साखळी जाते.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पालथा घालून पोट दाबू नका, पाय धरून उलटा करू नका. पाणी काढण्यात जातो तो वेळ त्याचा प्राणवायूचा असतो. उताणा झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं आधी दोन श्वास द्या, मग छातीच्या मधोमध तळव्यानं ३० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, परत दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दमलात की दुसऱ्यानं हात लावायचा. आपल्याकडं सीपीआर म्हटलं की लोकांना कोल्हापूरचा थोरला दवाखाना, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आठवतो. तिथं न्यायचंच आहे, पण दुसरं सीपीआर, म्हणजे हेच श्वास आणि छातीवरचे दाब, आधी काठावर सुरू झालं पाहिजे. आणि शुद्धीवर येऊन उठून बसला, चहा मागितला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

१०८ आणि ११२ हे नंबर पाठ असतील, पण घळीत मोबाईलला रेंज नसते. त्यामुळं सातातले दोघं आधीच ठरलेले असावेत: एक पळत वर जाऊन फोन करणारा, एक गाडीपाशी थांबून माणसांना वाट दाखवणारा. गाडीची किल्ली पोहणाऱ्याच्या खिशात नको. हे हसण्यावारी नेऊ नका, एकदा आमची किल्ली डोहात गेली होती.

दारूबद्दल मी भाषण देत नाही. माझ्याबरोबर येणाऱ्याच्या सॅकमध्ये बाटली निघाली तर तो गाडीत बसतो, बाकीचे चालायला लागतात.

नोव्हेंबरातला दिवस साधारण असा बसवा. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावरून निघायचं, सातला डोंगराकाठच्या गावात चहा, तिथं कुठल्या ओढ्याला जातोय आणि किती वाजता परत येणार ते टपरीवाल्याला सांगायचं. साडेनऊच्या आसपास डोहाशी. आधी काडी खोचायची, मग निघायची वाट बघून ठेवायची, मग तळ चाचपायचा, मग पोहायचं. एका वेळी तिघांपेक्षा जास्त पाण्यात नको, आणि एक जण काठावर दोरी हातात घेऊन, मोबाईल खिशात घालून. साडेबाराला घळीबाहेर. जेवण वर, मोकळ्यावर, उन्हात. परत येताना त्याच टपरीवर दुसरा चहा घ्या, म्हणजे तुम्ही परत आलात हे त्याला कळेल आणि तो संध्याकाळी काळजी करत बसणार नाही.